बिनटाक्याचा मास्क

मामांच्या घरात मी पहिलं पाऊल टाकलं आणि माझं डोकं तुरीच्या डाळीवर आपटलं. डाळ छताला टांगलेली होती. तिच्याशेजारी तांदूळ, तांदळाशेजारी चिंच, पलीकडे जुनी वर्तमानपत्रं आणि एक बंद पडलेला टेबलफॅन, सगळं जुन्या धोतरांच्या गाठोड्यांत बांधून हुकांना लटकवलेलं. वेलचेरी ही तळ्याच्या जागी वसलेली वस्ती; जोराचा पाऊस झाला की रस्त्यावरचं पाणी सरळ घरात शिरतं, म्हणून तळमजल्यावरचे लोक सामान माळ्यावर ठेवतात. मामांना माळा मंजूर नव्हता. "माळ्यावर काय आहे तें माणूस विसरतो. डोक्यास लागलें कीं स्मरतें," ते म्हणाले. मी कपाळ चोळत मान डोलावली.

आम्ही वरचा मजला भाड्याने बघायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि नवरा. दोघंही पुण्याचे, नवं लग्न, आणि दोघंही शोळिंगनल्लूरला वेगवेगळ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत. आधीच्या घरमालकांनी आमचा पगार विचारला होता, मांसमच्छी विचारली होती, एकाने तर पत्रिका मागायचीच बाकी ठेवली होती. मामांनी एकच प्रश्न विचारला, "शिवणाचें मशीन आहे काय?" नाही म्हटल्यावर "सरि", म्हणजे ठीक, म्हणाले आणि किल्ली हातात दिली.

मामा तंजावरकडचे मराठी. पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले आणि जाताना नेलेली मराठी त्यांनी तशीच गाठोड्यात बांधून ठेवली. गल्लीतली तमिळ मंडळीही त्यांना मामा म्हणत आणि त्यांच्या गेलेल्या बायकोला मामी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "तुम्हां पुण्याच्या लोकांची मराठी म्हणजे इंदी पिच्चर," असं ते तोंडावर सांगायचे. शाळेत असताना फळ्यावरच्या सुविचारातलं शुद्धलेखन दुरुस्त करून बाईंचा धपाटा खाल्लेली मी, मला हे फारच लागायचं.

माझ्याबद्दलही इथेच सांगून टाकते. मी टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या सविस्तर कळवायच्या, याचा मला पगार मिळायचा. घरी हेच काम मी फुकट करायचे. लग्नाच्या मांडवात मी भटजींचा संकल्पातला महिना सुधारला होता, ही गोष्ट सासरी अजून सांगतात. कौतुकाने सांगतात असं मी बरेच दिवस समजत होते.

मामा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. घरी कमरेला पंचा आणि खांद्यावर उपरणं, एवढाच पोशाख. "नोकरीभर शर्टपँट घातली, सरकारचा हुकूम म्हणून. आतां सुटलों." शिवलेल्या कपड्याचा त्यांना मनापासून राग होता. देवापुढे शिवलेलं वस्त्र चालत नाही हे आपल्याकडेही म्हणतात, पण मामांनी तो नियम देवघरातून बाहेर काढून भाजीबाजारापर्यंत नेला होता. "सुई लागली कीं कपडा एकाच कामाचा होतो. शर्ट मरेपर्यंत शर्टच. उपरण्याचें काय वाटेल तें होतें." आणि होतही असे. बाजारात जाताना त्याची पिशवी व्हायची, उन्हात पगडी, शेअर ऑटोत दांडीला बांधून धरायचा कासरा. एकदा नळ गळत होता तर त्यांनी फडक्याची अशी काही गाठ मारली की प्लंबर आला, बघत बसला आणि तसाच परत गेला.

एके दिवशी सकाळी माझ्या लॅपटॉपच्या बॅगची चेन तुटली. ऑफिसची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी. मामांनी माझ्या गळ्यातली ओढणी ओढली, लॅपटॉप तिच्यात गुंडाळला, चार गाठी मारल्या आणि झोळी माझ्या खांद्याला अडकवली. ऑफिसच्या दारातल्या सिक्युरिटीने ती तपासायला सोडली. मग त्याला बांधता येईना, मला बांधता येईना. शेवटी मी लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून मीटिंगला गेले आणि ओढणी सिक्युरिटीच्या टेबलावर राहिली.

शिवणयंत्रावर एवढा डूख का, यावर मी एक सिद्धांत तयार केला होता. मामी शिवायच्या असणार. त्या गेल्यावर यंत्राचा आवाज मामांना सहन होत नसणार. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा माझेच डोळे भरून आले. नवरा म्हणाला, विचार तरी एकदा. मी अगदी हळुवार आवाजात विचारलं. मामा म्हणाले, "छे छे! मामीस सुईंत दोरा ओवतां येत नव्हता. तुमच्या आधीची भाडेकरीण रविक्के शिवायची. तिचीं गिऱ्हाइकें माझ्या कोलमावर स्कूटर लावायचीं." रविक्के म्हणजे ब्लाउज, कोलम म्हणजे दारातली रांगोळी. मामी गेल्यापासून ती मामाच काढत, आणि वाकडी काढत. ती कुठे वाकडी आहे हे मी त्यांना दाखवलं होतं.

त्या वर्षी गणपतीला आम्ही पुण्याला गेलो. तिथे स्वाइन फ्लूचा कहर चालू होता. ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल, आरतीलाही रुमाल. परत आलो तर गल्लीत आमच्या आधी बातमी येऊन बसलेली. तमिळमध्ये त्या तापाला डुकराचा ताप म्हणतात, पन्रि काय्चल, आणि तो पुण्याहून येतो हे टीव्हीमुळे सगळ्यांना पाठ. पालेभाजीवाली जुडी फाटकावरून आत फेकू लागली. कामवालीच्या नवऱ्याला अचानक गावी काम निघालं. एकदा शेअर ऑटोत आईचा फोन आला आणि मी सवयीने "हो, पुण्याहून नीट पोचलो" असं मोठ्याने म्हटलं. 'पुणे' हा शब्द तमिळमध्येही पुणेच आहे. पुढच्या थांब्यावर मी एकटी पाय पसरून बसले होते.

आम्हाला काही झालेलं नव्हतं. ऑफिसने घरी बसवलं ते दिवस गेले, साधी शिंकसुद्धा आली नाही. पण खाली मामा होते, सत्तरी ओलांडलेले, एकटे. मास्क घालायलाच हवा होता, आणि औषधाच्या दुकानात विचारायला गेलं की माणूस काउंटरमागून दोन पावलं मागे सरकून "इल्लै", म्हणजे नाही, म्हणायचा. म्हणून मी ठरवलं की मास्क घरी करायचा. आपण इंजिनिअर आहोत, एक चौकोनी फडकं आणि दोन नाड्या, यात आहे काय?

नवऱ्याने इंटरनेटवरून कृती छापून आणली. घडीच्या रेघा, बाण, मापं, सगळं चोख. मी त्या कागदात आधी तीन चुका काढल्या. मग प्रदर्शनातून हातात मावणारं एक शिवणयंत्र आणलं. ते स्टेपलरसारखं दिसायचं, त्यामुळे ते मशीन या व्याख्येत बसत नाही असा मी स्वतःपुरता निकाल दिला. कापड म्हणून नवऱ्याचा कुडता, इलॅस्टिक त्याच्याच पायजम्यातलं. आत कडकपणा यावा म्हणून बुकरम घातलं. एका दुपारी गाउन घालून, मांडीवर कापड घेऊन मी टाके घालायला बसले. टकटक टकटक. मस्त रांग पडत होती. पूर्ण झाल्यावर उचलायला गेले तर मास्कबरोबर गाउनही उचलला गेला.

टकटक खाली पोचली होती. मामा दारात उभे. "काय करूलालीस, मा?" म्हणजे काय चाललंय तुझं. मी गुडघ्यावर हात ठेवून काहीच नाही म्हटलं. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्या मांडीकडे पाहिलं. बाजूला बसून त्यांनी नखाने एकेक टाका उसवला, गाउनला भोकसुद्धा पडू दिलं नाही, आणि मास्क हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "हें तोंडास लावायचें काय? कीं यांत पोहे भरायचे?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा मास्क घेऊन वर आले. म्हणजे नुसतं उपरणं घेऊन आले, मास्क आमच्या डोळ्यांदेखत केला. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. आठ पदर, मग तिरकी घडी, मग नाकापाशी एक चूण आत खोचलेली, आणि दोन टोकं कानांवरून मागे नेऊन गाठ. सुई नाही, कात्री नाही. नवऱ्याच्या तोंडावर तो इतका चपखल बसला की मला राग आला. मी खोट शोधू लागले. ती शोधावी लागली नाही. मामा त्याच घडीचा स्वतःला बांधून तिची थोरवी सांगू लागले आणि तिसऱ्या वाक्याला चूण निसटली, पाचव्याला मास्क गळ्यात आला. बोललं की हनुवटी हलते, हनुवटी हलली की घडी सुटते. आणि मामा तर अखंड बोलणारे. ते घडी पहिल्यापासून घालायचे, घालताना समजावून सांगायचे, आणि सांगताना ती पुन्हा सुटायची.

यावर कुणीही गाठ घट्ट केली असती. मामांनी शास्त्र काढलं. पुढचे काही दिवस ते पायरीवर बसून मास्क सोवळ्यातला की ओवळ्यातला याचा विचार करत होते. श्वासाने कापड उष्टं होतं काय? नाही, कारण श्वास देवानेच दिलेला. पण शब्द माणसाचा. म्हणून बोललं की मास्क उष्टा होतो. "मास्क बांधला कीं मौन," असा त्यांनी निर्णय दिला. अशाने घडीही सुटणार नव्हती, त्यामुळे शास्त्र आणि गाठ दोघांची सोय झाली. हा नियम त्यांना स्वतःला पाळता येणं शक्य नव्हतं. म्हणून ते बोलायचं असेल तेव्हा मास्क काढायचे, म्हणजे सदासर्वकाळ काढलेलाच असायचा. मी त्यांना सांगितलं की मामा, मास्कचा उपयोग नेमका बोलताना असतो. ते म्हणाले, "बोलूंच नये, मग कशास भय?"

पितृपक्ष लागला. अहेवपणी गेलेल्या बाईसाठी नवमीला एका सवाष्णीला जेवायला बसवतात, ती अविधवा नवमी. आमच्याकडे आजीच्या पिढीपर्यंत हे होतं, नंतर कुणी केलं नाही. मामांचं सगळं वर्ष या दिवसाकडे तोंड करून असायचं. एरवी देवाशी ते भांडत, एकादशीला कॉफी पीत, पण मामी गेल्यापासून ही नवमी चुकली नव्हती. "ती येत नाहीं म्हणून दुसरीस बोलावायचें. पण जेवते तीच," ते म्हणायचे. अड्यारहून त्यांची एक नात्यातली अत्तै, म्हणजे आत्या पण वयाने लहान, दरवर्षी सवाष्ण म्हणून यायची आणि गल्लीतली स्वयंपाकीण मामी रांधायला.

त्या वर्षी स्वयंपाकीण मामीचे गुडघे नवमीच्या आठवड्यातच दुखायला लागले. मग अड्यारचा फोन आला. मामा फोनवर ओरडूनच बोलत, त्यामुळे मला जिन्यात सगळं ऐकू आलं. अत्तैचा मुलगा तिला सोडायला तयार नव्हता, वरच्या मजल्यावर पुण्याची माणसं होती म्हणून. मामा म्हणत होते, "तीं बरीं आहेत, अत्तै! पोरगी तर एवढी बोलते, तापकऱ्यास एवढी शक्ती असते काय?" पलीकडून फोन ठेवला गेला. मामा बराच वेळ ओट्यावर बसून होते. बोलत नव्हते आणि तोंडाला मास्कही नव्हता.

आमच्यामुळे एका बाईचं वर्षाचं जेवण चुकणार, हे मला सहन होईना. मी खाली जाऊन म्हटलं, "मामा, आम्ही आठवडाभर लॉजवर जातो." ते खवळले. "घर सोडून कोठें जातेस? मग सगळे म्हणतील, होताच ताप!" रात्रीच्या भाताला बसल्यावर मी नवऱ्यापुढे यादी वाचली: ऑफिसातली अमकी, पलीकडच्या गल्लीतली तमकी. कोण सवाष्ण मिळेल? नवरा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आणि तू कोण आहेस?"

हे माझ्या खरोखर ध्यानात आलं नव्हतं. मंगळसूत्र कपाटात, कुंकवाच्या जागी आय कार्ड, पण होते तर खरी.

मामांनी माझी मुलाखत घेतली. नऊवारी नेसतां येतें काय? हो म्हटलं, येत नव्हती. रविक्याचं काय, ते तर शिवलेलंच असतं, हे मीच विचारलं, कारण मला गप्प बसवत नाही. मामा अडले, छताकडे पाहिलं, डाळीकडे पाहिलं. "तें बायकांचें शास्त्र. मला पुसूं नको." मास्क मी घालणारच म्हटलं, तुमच्या वयासाठी. "सरि. पण माझा. टाक्याचा नाहीं." आणि मास्क म्हणजे मौन, हेही त्यांनी बजावलं. जेवताना तोंड कसं उघडायचं यासाठी त्यांनी दोन दिवस खपून खास घडी बसवली. खालची बाजू डाव्या हाताने पडद्यासारखी वर करायची, घास घ्यायचा, पडदा पाडायचा.

स्वयंपाक ते स्वतःच करणार होते. सासूबाईंनी फोनवर मला तयार केलं, "पान स्वच्छ कर, आणि एक लक्षात ठेव, त्या दिवशीच्या अन्नाला नावं ठेवायची नसतात. तुला जमेल ना?" त्यांचा आवाज मला उगाचच काळजीचा वाटला.

नवमीला नवरा ऑफिसला जाण्याआधी कागद बघून मला नऊवारीत बसवून गेला. पिना किती लागल्या हे मामांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. खाली गेले. केळीचं पान मांडलेलं, समई, पाट. मामांनी नवं कोरं पांढरं उपरणं घड्या घालून माझ्या तोंडाला बांधलं. गाठ पक्की बसली. मग स्वतःला बांधलं. आणि त्या क्षणापासून मामा गप्प झाले.

मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. भात, आमटी, वडे, कोशिंबीर, पायसम, एकेक पदार्थ ते वाकून वाढत होते, नजर पानावर. चूण निसटली नाही, मास्क गळ्यात आला नाही. मला भरून आलं. मी पडदा उचलला आणि आमटीभाताचा पहिला घास घेतला.

मीठ नव्हतं.

कमी नव्हतं, नव्हतंच. मी वडा घेतला. वड्यात नव्हतं. कोशिंबिरीत नव्हतं. आधी चाखायचं नाही हा नियम, स्वयंपाकीण मामीला हाताचा अंदाज होता, मामांना नव्हता, आणि गडबडीत ते मीठ मुळीच विसरले होते. वर वडे आतून कच्चे, भाताचा गोळा. माझ्या आत अहवाल तयार होत होता, क्रमांकासह. पण तोंडावर मामांची घडी, समोर मामींचं पान, आणि सासूबाई फोनमधून बघत असल्यासारख्या. मी गिळलं. मामा अन्नाकडे इतक्या आशेने बघत होते की मी बोटाने पुन्हा आमटी मागितली. मग पुन्हा वडे. मास्कच्या आत माझं तोंड काय काय होत होतं ते कुणाला दिसत नव्हतं, हा त्या मास्कचा सगळ्यात मोठा गुण.

पान पुसून झाल्यावर मामांनी हात जोडले आणि मास्क न काढता भुवयांनी विचारलं. तृप्त? मी जोरात मान हलवली. त्यांनी माझी ओटी भरली आणि वाकून नमस्कार केला. मी वर आले ती तरंगत आले. उभ्या आयुष्यात मी एवढा संयम केला नव्हता. सासूबाईंना फोन लावून सविस्तर सांगितलं. त्याही म्हणाल्या, "शाब्बास."

अर्ध्या तासाने जिन्यावर पावलं वाजली. सवाष्ण जेवल्याशिवाय मामा जेवत नसत. आता ते जेवले होते. जिन्याच्या मधल्या पायरीवर ते बसले होते, मास्क गळ्यात, चेहरा उतरलेला.

"मीठ नव्हतें," ते म्हणाले.

"असू दे हो मामा. छान झालं होतं."

"खोटें नको बोलूं. कशांतच नव्हतें. तूं सांगितलें नाहींस."

"मास्क बांधल्यावर बोलायचं नाही, तुम्हीच म्हणालात. आणि आजच्या दिवशी नावं ठेवत नाहीत."

मामा बराच वेळ गाठ सोडत बसले. सुटत नव्हती. मग मान वर न करता म्हणाले, "काल अत्तैचा पुन्हा फोन आला होता. मुलास समजावलें, तोंड बांधून येतें म्हणाली. मीच वेंडाम म्हणालों."

मला कळेना. "का नको म्हणालात?"

"ती दरवर्षीं येते, जेवते, 'फार बरें झालें' म्हणते, जाते. मामीही तशीच. मी जें ठरवीन, जें आणीन, तें बरें. ह्या तळ्यांत मी जागा घेतली. तिच्या भावांनीं वेड्यांत काढलें मला. ती बरें म्हणाली. मांडीभर पाणी आलें, खाट पाण्यांत, ती खाटेवर उभी, तरी बरें. अख्ख्या संसारांत माझें काय चुकलें, एकदांही बोलली नाहीं. न बोलतांच गेली." त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. "तूं सगळ्यांच्या चुका काढतेस. माझ्या कोलमाच्याही काढल्यास. म्हटलें, तिच्या पानावर तुला बसवावी. मास्क सुटल्यावर तुझ्या तोंडून तरी येईल."

मला रडू आलं, आणि त्याच वेळी स्वतःचं हसूही आलं. जन्मभर नको तिथे बोलले, आणि ज्या एका जागी मामा माझ्या बोलण्याची वाट बघत होते तिथे आमटी मागून घेतली. पिना टोचत होत्या तरी मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"आमटीत मीठ नव्हतं," मी म्हटलं. "वड्यात नव्हतं. वडे आत कच्चे होते, तेल तापलं नव्हतं. भाताचा गोळा झाला होता, पाणी जास्त. पायसमात वेलदोड्याची सालं तशीच."

मामा मान हलवत होते. डोळे वाहत होते आणि चेहरा हळूहळू सैल होत होता. "अजून?"

"कोशिंबिरीची काकडी कडू होती. चाखून घ्यायची असते."

"चाखतां येत नाहीं त्या दिवशीं."

"मग आदल्या दिवशी चाखायची. आणि इथे तळ्यात घर घ्यायला नको होतं, मामा. स्पष्ट सांगते. चुकलंच ते."

"चुकलेंच," मामा म्हणाले. एवढ्या समाधानाने हा शब्द उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता.

मला आता जोर चढला होता. "आणि तो मास्क, त्याची नाकापाशी जी चूण आहे ना..."

"मास्काचें एक अक्षर नको. तो बरोबर आहे." त्यांनी गळ्यातली घडी झाकल्यासारखी धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिठाचें सांग. पुन्हां एकदां सांग."

मी पुन्हा सांगितलं.